कॅज्युअल्टीच्या बाकावरचे दोघं
५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. ७०१ किलोमीटर पूर्ण. नागपूरहून मुंबई आठ तासांत, असं तेव्हापासून ऐकतो आहे. याच रस्त्यावर जखमी झालेलं पोर बालशल्यचिकित्सकापर्यंत किती तासांत पोहोचतं, याबद्दल कोणी बोलत नाही.

आधी उपचार, पोलिसांचं नंतर, असं सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच बजावलं होतं. पुढची पंचवीस वर्षं तरी जखमी माणूस जीप, टेम्पो, मिळेल त्या गाडीतूनच आला.

जानेवारी २०१४ मध्ये राज्यात १०८ रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. ९३७ रुग्णवाहिका, आत डॉक्टर. तालुक्याच्या कॅज्युअल्टीत काम करणाऱ्या आम्हाला वाटलं, आता माणसं वाचतील. वाचलीही. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानंतर त्यांची पोलिसांबद्दलची भीतीही कमी झाली. पण गाडी थांबायची त्या दारावर ट्रॉमा केअर सेंटरची पाटी, आणि आत रात्री सीटी स्कॅन बंद, न्यूरोसर्जनचं पद रिकामं. कागदावर सेंटर दाखवून मोकळे झालेल्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

रक्तबंबाळ तरुण आधी आत जायचा. बाकावर उरायचे लहान मूल आणि आजी. ‘बोलतायत ना? मग थांबा.’ दहा किलोच्या मुलाच्या अंगात रक्त जेमतेम आठशे मिली. त्यातलं पाव गेलं तरी रक्तदाब टिकतो, मग एकदम कोसळतो. बरगड्या लवचिक, त्या सहसा मोडत नाहीत. पण आत फुप्फुस चेचलेलं असू शकतं. आजी रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेत असेल, तर ती नातवाची चौकशी करत असतानाच डोक्यात रक्त साचत जातं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे नाडीही वाढत नाही. मुलांच्या मापाची बीपीची पट्टी कपाटात, कुलपात. मग रेफरची चिठ्ठी, आणि पुन्हा दोन-अडीच तासांचा रस्ता.

रस्ते अपघातग्रस्तांसाठीच्या केंद्राच्या मे २०२५ च्या योजनेत दीड लाखापर्यंत, सात दिवस विनारोकड उपचार मिळतात. हे चांगलंच झालं. पण रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्या सत्तरीच्या बाईचा खुबा मोडला, तर शस्त्रक्रियेआधीच त्यातले दोन-तीन दिवस संपतात. डोक्याला मार लागलेल्या मुलाला पुन्हा चालायला, बोलायला शिकवण्यात महिने जातात.

समृद्धीच्या प्रत्येक इंटरचेंजवर टोलची यंत्रणा रात्रंदिवस चालू असते. जवळच्या रुग्णालयात रात्रपाळीचा सीटी तंत्रज्ञ आणि श्वासनलिकेत घालायच्या मुलांच्या मापाच्या नळ्याही तशाच रात्रंदिवस हव्यात.