‘शंभर एमबी’च्या लाइनीचा हिशेब

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी म्हसोबाची यात्रा भरते. तिथला बैलबाजार, घोंगड्यांची दुकाने, पाळणे हे सारे आता मोबाइलवर टिपले जाते आणि ते चित्रीकरण कल्याण-मुंबईला पाठवायचे म्हटले की हिशेब चुकायला सुरुवात होते. लाइन शंभर एमबीची, म्हणजे हजार एमबीची फाइल दहा सेकंदांत जायला हवी, असे अनेकांना मनापासून वाटते. प्रत्यक्षात सगळे सुरळीत असले तरी तिला किमान ८० सेकंद लागतात.

यात कोणी फसवलेले नसते. दूरसंचारवाले बिट मोजतात, संगणकवाले बाइट मोजतात आणि बोलताना दोघेही ‘एमबी’च म्हणतात. आठ बिटांचा एक बाइट. इंग्रजीत लिहिताना बिटासाठी लहान बी आणि बाइटसाठी मोठा बी वापरतात, पण जाहिरातीत तेवढे बारकाईने पाहतो कोण? ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ नाव मिळालेल्या योजनेत ग्रामपंचायतीला १०० एमबीपीएस देण्याचे ठरले. बाइटमध्ये ते सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. त्यातही इथरनेट आणि इंटरनेटची पत्ता-तपासणीची माहिती प्रत्येक पुडक्याला जोडलेली असते. त्यामुळे लाइन पूर्ण मोकळी असली तरी फाइलच्या वाट्याला ११.८ मेगाबाइटच्या आसपासच येतात. शाळा, दवाखाना आणि सेवा केंद्र त्याच लाइनीवर असतील, तर हा आकडा आणखी वाटला जाणार.

दूरसंचाराने बिट का धरले, याचे उत्तर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आहे. डिजिटल एक्स्चेंज माणसाच्या आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेते आणि प्रत्येक नमुना आठ बिटांत मांडते. म्हणून एका संभाषणाला ६४,००० बिट, म्हणजेच ६४ केबीपीएस. अशा ३२ वाटांची मोळी बांधली की ई-१ लाइन होते. त्यातल्या ३० वाटा बोलण्यासाठी, एक ताळमेळ राखण्यासाठी आणि एक कॉल जोडण्या-तोडण्याच्या सूचनांसाठी. बँका आणि कारखाने ज्या ‘दोन एमबीच्या लीज्ड लाइन’ घेत, त्या बहुधा याच.

इथे जाणकारही अडखळतात. ई-१ चा वेग २.०४८ एमबीपीएस. आकड्यात २०४८ दिसले की संगणकातला १,०२४ चा किलो आठवतो आणि हा दोन ‘संगणकी’ मेगाबिटांचा वेग असावा, असे वाटते. तसे नाही. ३२ ला ६४ ने गुणले की २,०४८ येतात, एवढाच तो योगायोग. दूरसंचारात किलो म्हणजे नेहमी १,०००. म्हणून ई-१ म्हणजे सेकंदाला २०,४८,००० बिट, अर्थात २,५६,००० बाइट. १,०२४ च्या मापाने मोजले तर बरोबर २५० किलोबाइट.

साठवणुकीच्या जगाने मात्र दोन्ही किलो वापरले, कधी एकाच वस्तूत. जुन्या फ्लॉपीवरचे ‘१.४४ एमबी’ म्हणजे १,४४० गुणिले १,०२४, एकूण १४,७४,५६० बाइट. हा मेगाबाइट ना धड दशमान ना धड द्विमान. हार्ड डिस्कचे कारखाने हजाराने मोजतात आणि विंडोज १,०२४ ने. म्हणून एक टेराबाइटची नवी डिस्क संगणकात ९३१ जीबीच दिसते. जागा कोणी चोरलेली नसते. हा घोळ मिटवण्यासाठी १९९८ मध्ये किबी, मेबी, गिबी अशी वेगळी मापे ठरली, पण बाजारात ती रुजली नाहीत.

दुसरा जुना गैरसमज बॉडचा. बॉड म्हणजे तारेवरचा संकेत सेकंदाला किती वेळा बदलतो ते माप. टेलेक्सचे ५० बॉड म्हणजे ५० बिटच होते, कारण प्रत्येक संकेतात एकच बिट. ९,६०० बिटांचा मोडेम मात्र २,४०० बॉडवर चाले आणि एका संकेतात चार बिट कोंबे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा डायल-अपचा वेग याच पातळीचा होता. साध्या सिरियल जोडणीत प्रत्येक बाइटच्या मागेपुढे एकेक खुणेचा बिट लागतो. त्यामुळे तिथे आठने नव्हे, दहाने भागायचे. ९,६०० बिट म्हणजे ९६० बाइट. एक फ्लॉपी भरून माहिती यायला २५ मिनिटे ३६ सेकंद!

गंमत म्हणजे दहाचा हाच भाजक हार्ड डिस्कच्या साटा जोडणीत पुन्हा भेटतो, कारण मात्र वेगळे. तिथे आठ बिटांचे दहा बिटांत रूपांतर करून ते तारेवर सोडतात, म्हणजे घड्याळाची लय सुटत नाही. सहा गिगाबिटांचा साटा म्हणून ७५० नव्हे, ६०० मेगाबाइट देतो. आणि तीही जोडणीची मर्यादा. फिरत्या तबकडीची डिस्क साधारण दीडशे-दोनशेच्या पुढे फारशी जात नाही. यूएसबी २ चे ४८० मेगाबिट भागाकाराने ६० मेगाबाइट होतात, व्यवहारात तीस-चाळीस मिळतात.

आता यात्रेच्या चित्रीकरणाकडे वळू. समजा ६४ जीबी पाठवायचे आहेत आणि मोबाइलचा अपलोड वेग १० एमबीपीएस आहे. वेळ लागेल १४ तास १३ मिनिटे. तेच पेन ड्राइव्हवर सेकंदाला २० मेगाबाइटने उतरवले तर ५३ मिनिटे, एसटीने कल्याणला जायला दोन तास धरू आणि तिथे ३० मेगाबाइटने उतरवून घ्यायला ३६ मिनिटे. एकूण साडेतीन तास, म्हणजे सुमारे ४१ एमबीपीएसची लाइन. पाठवण्याआधी आपला अपलोड वेग मोजून पाहा, डाउनलोडचा नव्हे. तो ४१ च्या खाली असेल, तर पेन ड्राइव्ह एसटीनेच पाठवा.