घोड्याच्या दुखण्याला धावणारी माणसं

वडवणीसारख्या ग्रामीण तालुक्यात घोड्यांसाठी वेगळा दवाखाना सहसा नसतो. वरातीची घोडी, मेंढपाळांचं तट्टू, वीटभट्टीवरचं गाढव, सगळ्यांना आधार सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचाच. तिथे पदवीधर पशुवैद्य निदान आणि शस्त्रक्रिया करतात, पशुधन पर्यवेक्षक लसीकरण व प्रथमोपचार सांभाळतात, व्रणोपचारक जखमा धुऊन पट्टी बांधतात आणि परिचर बिथरलेलं जनावर धरतात. खुरांची निगा नालबंद राखतो.

खरी कसोटी पोटशूळ उठल्यावर लागते. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे नाकातून नळी घालून जठरातला ताण उतरवावा लागतो. जनावर चारा सोडून लोळू लागलं, तर घरगुती काढे पाजत बसू नका. लगेच १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा. मालकाने वेळेवर कळवलं, तरच ही माणसं जनावर वाचवू शकतात.