कौलं चढण्याआधी पन्हळ पाहिलीत का?

वासे नवे, कौलं नवी, तरीही पहिल्या मोठ्या पावसात माजघराच्या कोपऱ्यात थेंब पडू लागतात. दोष दिला जातो कौलांना. खरा दोष बऱ्याचदा पन्हळीत असतो.

काटकोनात वळणाऱ्या घराचे दोन उतार जिथे आतल्या बाजूला मिळतात, तिथे पत्र्याची पन्हळ बसवतात. दोन्ही उतारांचं पाणी तिथेच येतं, पण ते वाहायला तितका उतार मिळत नाही. दोन्ही उतार ३० अंशांचे असले, तरी त्यांच्यातली पन्हळ साधारण २२ अंशांवरच येते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या कोकणात हा फरक महागात पडतो.

अडचण अशी, की काम चांगलं की वाईट हे ठरवणारा भाग कौलांखाली झाकला जातो. म्हणून कौलं चढण्याआधीच पाहा. घरी नसाल तर मोबाइलवर फोटो मागवा. वरचा पत्रा खालच्या पत्र्यावर किमान सहा इंच चढलेला हवा. उलटा लावलेला जोड हमखास गळतो. पत्र्याचे दोन्ही काठ वर वळवलेले हवेत, म्हणजे जोरात आलेलं पाणी पलीकडे उसळून वाशावर जाणार नाही. खिळे फक्त काठालगत. मधोमध एक जरी खिळा दिसला, तरी काम थांबवा.

कौलं बसल्यावर पन्हळीत मधे चारेक इंच मोकळी वाट राहिली पाहिजे. ‘पाणी आत जाऊ नये’ म्हणून कापलेल्या कौलांच्या कडेला भरपूर सिमेंट थापण्याची सवय अनेकांना असते. दिसायला काम नेटकं वाटतं, पण हेच सिमेंट वाट अरुंद करतं, तिथे आंब्या-फणसाची पानं अडकतात आणि तुंबलेलं पाणी कौलांखाली शिरतं.

शेवटचा हप्ता पाण्याची चाचणी झाल्यावरच द्या. पाइपने पन्हळीच्या खालच्या टोकापासून सुरुवात करून थोडं थोडं वर सरकायचं. एकाने टॉर्च घेऊन माळ्यावर बसायचं. खालून वर गेल्याने नेमका कुठला जोड गळतो ते कळतं. पाणी सोडणाऱ्याने शिडीवरच राहावं, ओल्या कौलांवर पाय देऊ नये.

गळती सापडली, तर वरून डांबर फासून घेऊ नका. तिथली कौलं काढून पत्राच नीट बसवायला सांगा.