करमणुकीचे इंग्रजी शब्द

पवित्र शास्त्राच्या तासास एकदां इब्री लोकांस पत्राचा तेरावा अध्याय इंग्रजींतून वाचीत असतां एका मुलानें आम्हांस विचारलें, "सर, त्या लोकांनीं देवदूतांना एंटरटेन केलें, म्हणजे त्यांना कोणता खेळ दाखविला?" वर्ग हंसला. परंतु प्रश्नांत हंसण्यासारखें फारसें नव्हतें. एंटरटेन म्हणजे करमणूक करणें, हा अर्थ त्यानें कोशांतूनच घेतला होता. कोश इतकेंच सांगावयास विसरला होता कीं, १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरांत हें क्रियापद पाहुणचार करणें या अर्थीं योजिलें आहे.

हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेनें इंग्रजींत आला. 'इंटर' म्हणजे मध्यें आणि 'टेनेरे' म्हणजे धरणें. धरून ठेवणें, मग सांभाळणें, मग घरीं ठेवून घेणें, आणि शेवटीं आलेल्याचें मन गुंतवून ठेवणें, अशा पायऱ्यांनीं त्यास आजचा अर्थ आला आहे. मागच्या पायऱ्याही त्यानें अगदींच मोडून टाकिल्या नाहींत. इंग्रज मनुष्य आजही एखादी शंका किंवा आशा 'एंटरटेन' करितो, म्हणजे ती मनांत बाळगतो. तेथें करमणुकीचा गंधही नसतो.

निबंधाच्या वह्या तपासतांना आम्हांस असें दिसतें कीं, अम्यूजमेंट, रिक्रिएशन, पासटाइम, फन हे शब्द आमचे विद्यार्थी पत्त्यांसारखे पिसून वाटतात. जो हातीं येईल तो टाकिला. कोशांत ते एका ओळींत बसलेले असतात हें खरें, पण त्यांतील प्रत्येकजण मनाचें निराळें कांहीं करितो.

अम्यूजमेंट या शब्दावर तर अन्यायच झाला आहे. कित्येक उपदेशक असें सांगतात, आणि आम्हींही तरुणपणीं एका उपासनेंत मोठ्या आवेशानें सांगितलें होतें, कीं 'म्यूज' म्हणजे विचार करणें आणि आरंभींचा 'अ' हा आपल्या 'अज्ञान' या शब्दांतल्यासारखा नकारार्थी. म्हणून अम्यूजमेंट म्हणजे अविचार! व्युत्पत्ति सोईची आहे, पण खरी नाहीं. हा 'अ' नकाराचा नसून फ्रेंच भाषेंतील एक साधें शब्दयोगी अव्यय आहे, आणि ज्या जुन्या फ्रेंच क्रियापदास तो लागला त्याचा एक अर्थ तोंड वासून पाहत राहणें असा होता. त्यामुळें अम्यूज करणें म्हणजे एखाद्यास तसें पाहत ठेवणें. सतराव्या व अठराव्या शतकांत इंग्रजींत भुलविणें, चकविणें, युद्धांत शत्रूस भलतीकडे गुंतवून ठेवणें, अशाही अर्थीं हा शब्द येई. तो डाग पुढें धुवून गेला. आतां जें पाहून ओठांवर हंसूं येतें तें अम्यूजिंग, आणि जें पुस्तक हातांतून खालीं ठेववत नाहीं तें एंटरटेनिंग. गंभीर कादंबरीस अम्यूजिंग म्हणणारा विद्यार्थी नकळत ग्रंथकाराचा अपमान करितो. खेळास नांवें ठेवावयाचीं असतील तर तीं ठेवावीं. मात्र शब्दाच्या मुळास खोटी साक्ष देण्यास लावूं नये.

'डायव्हर्शन' म्हणजे वळविणें. रस्त्याचें काम चालू असतां ही पाटी सर्वांनीं पाहिली असेल. करमणुकीच्या अर्थीं तो रोजच्या बोलण्यांत आतां थोडा जुनाट वाटतो.

'रिक्रिएशन' हा मात्र मोठ्या कुळांतला शब्द आहे. 'क्रिएट' म्हणजे निर्माण करणें आणि 'री' म्हणजे पुन्हां. थकल्याभागल्यास किंवा आजाऱ्यास पुन्हां हुशारी आणणें, हा त्याचा जुना अर्थ. सायंकाळीं मुलगा पटांगणावर दिसला कीं ज्या पालकांस वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो, त्यांनीं हा शब्द ध्यानांत घ्यावा. आणि जो मुलगा तीन तास मोबाइलपुढें बसून डोळे चोळीत उठतो, त्यानें आपल्या करमणुकीस हें नांव देण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. तिच्यासाठीं 'पासटाइम' आहे. वेळ घालविण्याचें साधन एवढाच त्याचा अर्थ, परंतु त्यांत निंदा नाहीं. इंग्रजाचें बागकाम हाही पासटाइमच. आपल्याकडे त्याच दोन तुकड्यांची उलटापालट होऊन 'टाइमपास' झाला, आणि आगगाडींत शेंगदाणे विकणारा तो नांव घेऊन विकतो. शब्द मोठा मजेदार आहे, पण परीक्षकापुढें ठेवूं नये.

'स्पोर्ट' हा 'डिस्पोर्ट' या शब्दाचा तुटलेला तुकडा असून पूर्वीं त्यांत सर्व प्रकारची मौज येई. १६१८ सालीं पहिल्या जेम्स राजानें रविवारच्या उपासनेनंतर लोकांस नाच, धनुर्विद्या व उड्या मारणें यांची मोकळीक दिली, त्या जाहीरनाम्याचें नांवच स्पोर्ट्सचें पुस्तक असें पडलें. प्युरिटन लोक संतापले, आणि १६४३ सालीं पार्लमेंटनें तें पुस्तक जाहीरपणें जाळविलें. आज नाचास कोणी सहसा स्पोर्ट म्हणत नाहीं.

रोजच्या बोलण्यांत या सर्वांवर मात केली आहे ती 'फन' या इवल्याशा शब्दानें. मुळांत त्याचा अर्थ फसवणूक, आणि डॉक्टर जॉन्सननें १७५५ सालच्या आपल्या कोशांत त्यास हलक्या लोकांचा शब्द ठरविलें होतें. आतां तो राजवाड्यापासून बाजारापर्यंत सर्वांच्या तोंडीं आहे. 'सहल फन होती' म्हणजे मौज आली. 'सहल फनी होती' म्हणजे तींत कांहीं हास्यास्पद किंवा विचित्र घडलें. हा भेद आमच्या वर्गांत दरवर्षीं नव्यानें शिकवावा लागतो.

मराठीस या बाबतींत गरीब समजूं नये. हरि नारायण आपटे यांनीं १८९० सालीं सुरू केलेल्या साप्ताहिकाचें नांव 'करमणूक' होतें, आणि स्त्रियांच्या हालअपेष्टा सांगणारी 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी त्यांतच क्रमशः आली. एवढें दुःख त्या नांवाखालीं मावलें. कारण करमणूक हा शब्द करमणें यावरून झाला, आणि करमणें म्हणजे मन एके ठिकाणीं लागणें. वसतिगृहांत नव्यानें आलेल्या एका मुलास आम्हीं घरीं पाठवावयाचें पत्र इंग्रजींत लिहावयास सांगितलें होतें. 'मला येथें करमत नाहीं' हें त्यानें 'आय ॲम नॉट एंटरटेन्ड हिअर' असें लिहिलें. आम्हीं तें तांबड्या शाईनें खोडून वर 'होमसिक' हा शब्द घातला व गुण कापले. वही मिटल्यावर ते देवदूत आठवले. वही पुन्हां उघडून आम्हीं गुण परत दिले, आणि त्या रविवारीं त्याला घरीं जेवावयास बोलाविलें.