चहा उपटून ऊस : मॉरिशसचं गणित

परीक्षेच्या दिवसांत आपल्या हॉस्टेलवर सगळ्यात जास्त खपणारी वस्तू कोणती? झेरॉक्स नव्हे, चहा! पण तो येतो कुठून, हे कुणी विचारत नाही. आमच्या राजूरला रात्रपाळी करून आलेला खाणकामगार टपरीवर जो चहा पितो, त्यातली पत्ती बहुधा आसामची आणि साखर महाराष्ट्राची. दोन्ही देशातच पिकतं म्हणून आपल्याला पुरवठ्याची काळजी नाही. पण आपला अख्खा देशच यवतमाळ जिल्ह्याच्या साधारण सातव्या हिश्शाएवढा असता तर?

असा देश आहे आणि तिथे आपली माणसंही आहेत. मॉरिशस. आफ्रिकेच्या पूर्वेला हिंदी महासागरात, क्षेत्रफळ जेमतेम २,०४० चौरस किलोमीटर. १८३४ पासून इंग्रजांनी उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडची, कोकणातली बरीच मराठी कुटुंबं होती. त्यांचे वंशज आज घरात बहुतेक क्रिओल बोलतात, मुलं शाळेत मराठी शिकतात आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. चहाला क्रिओलमध्ये ‘दिते’ म्हणतात.

हा दिते बेटावरच पिकतो. रोप फ्रेंचांनी अठराव्या शतकात आणलं, पण धंदा म्हणून लागवड झाली ती इंग्रजी अमलात. दक्षिणेकडच्या उंच, पावसाळी भागातला ब्वा शेरी हा मळा १८९२ सालचा, अजून चालू आहे. व्हॅनिलाचा वास दिलेला चहा ही तिथली खासियत. (आपल्या मेसच्या चहालाही वास असतो, पण तो कशाचा ते सांगता येत नाही.)

आता थोडं इंजिनीअरिंग. साधारण चार-साडेचार किलो ओल्या पानांतून एक किलो पत्ती निघते. पानं आधी कोमेजवायची, मग दातेरी रोलरमधून चुरडायची, हवेत ऑक्सिडाइझ होऊ द्यायची आणि शेवटी गरम हवेत सुकवायची. चुरडणाऱ्या यंत्राला सीटीसी म्हणतात. ते १९३० च्या सुमारास आसामात निघालं. कारखान्यातलं काम यंत्र करतं, पण खुडणी हातानेच चांगली होते. शेंड्याची कळी आणि दोन पानं, तीही दर आठ-दहा दिवसांनी, नाहीतर पान जून होतं. म्हणजे या पिकाला सगळ्यात आधी माणसं लागतात.

मॉरिशसचा चहा अडला तो इथेच. १९६८ ला देश स्वतंत्र झाला आणि १९७० मध्ये निर्यात क्षेत्राचा कायदा आला. तयार कपड्यांचे कारखाने निघाले, त्यात हजारो बायका कामाला लागल्या. डोक्यावर छप्पर आणि महिन्याचा ठरलेला पगार सोडून पावसात पानं खुडायला कोण जाणार? मजुरी वाढली. जगाच्या बाजारात मात्र केनिया, श्रीलंका, भारत असे मोठे विक्रेते होते. या छोट्या बेटाच्या खर्चाकडे बघून कुणी भाव वाढवून देणार नव्हतं.

शेजारी ऊस उभा होताच, आणि त्याला हमी होती. १९७५ च्या लोमे करारानुसार युरोप दरवर्षी मॉरिशसची सुमारे पाच लाख टन साखर ठरलेल्या भावाने घ्यायचा. हा भाव बऱ्याचदा जागतिक भावाच्या दुप्पट-तिप्पट असे. १९९५ मध्ये आणखी थोडी साखर घेण्याचा वेगळा करार झाला. तेव्हा नव्वदच्या दशकात सरकारनेच चहाखालची बरीचशी जमीन उसाकडे वळवली. हजारो हेक्टरवरचा चहा सातशे हेक्टरच्या आसपास आला. कागदावर हिशोब अगदी बरोबर होता.

यवतमाळच्या माणसाला हे चटकन कळेल. आपल्याकडे १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती. सरकार घेणार हे माहीत असल्यावर शेतकरी कापूसच लावणार, यात त्याचं काय चुकलं? पुढे ती योजना मोडली, खासगी व्यापारी आले आणि पुष्कळ शेतकरी सोयाबीनकडे गेले. त्यांचे हाल कमी झाले असं मी म्हणत नाही. पण कापूस एका हंगामाचं पीक आहे, पुढच्या पावसाळ्यात दुसरं पेरता येतं.

चहाचं तसं नाही. लावल्यापासून खुडायला तीन-चार वर्षं लागतात, मग तेच झुडूप कित्येक दशकं उत्पन्न देतं. ते उपटणं म्हणजे पीक बदलणं नव्हे, कारखाना भंगारात काढणं!

आणि हमी गेलीच. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी युरोपच्या साखर धोरणाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि २००५ मध्ये ते जिंकले. २००६ ते २०१० या काळात युरोपने साखरेचा आधारभाव ३६ टक्के खाली आणला, २००९ मध्ये मॉरिशससारख्या देशांचा जुना करार संपला. चहा मात्र परत आला नाही, कारण खुडणारे हातच राहिले नव्हते. आता जो थोडा पिकतो तो बहुतेक बेटावरच संपतो.

कॉफीची गोष्ट छोटी आहे. शेजारच्या रेयुनियन बेटावर फ्रेंचांनी १७१५ मध्येच कॉफी नेली होती, पण या भागातली चक्रीवादळं कॉफीची झाडं मोडतात. ऊस वाकतो आणि पुन्हा उभा राहतो. आज मॉरिशसला शामारेलला थोडी कॉफी होते, बाकी आयात. कोको तर जवळजवळ सगळाच बाहेरून. २०२३ च्या सुरुवातीला टनाला अडीच हजार डॉलरच्या आसपास असलेला कोको २०२४ मध्ये दहा हजारांच्या वर गेला, कारण घाना आणि आयव्हरी कोस्टमधलं पीक बसलं. त्यात मॉरिशसच्या दुकानदाराचा काही दोष नव्हता आणि त्याच्या हातात काही उपायही नव्हता.

उसाचं पुढे काय झालं, तेही मेकॅनिकलवाल्यांसाठी सांगतो. कच्ची साखर विकण्याऐवजी तिथले कारखाने आता शुद्ध आणि खास प्रकारची साखर विकतात आणि चिपाडं जाळून वीज करतात. ती वीज सरकारी ग्रिडला जाते. पण चिपाडं असतात फक्त तोडणीच्या हंगामात. उरलेले महिने त्याच बॉयलरमध्ये कोळसा घालतात, आणि तो येतो मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतून, जहाजाने.