शून्याने भागाकार आणि संगणकाची आंशिक रचना

वस्तूंचा एक संच आणि त्या वस्तूंवर करावयाच्या क्रिया मिळून जी व्यवस्था तयार होते, तिला गणितात बैजिक रचना म्हणतात. परिमेय संख्यांत कोणत्याही दोन संख्यांची बेरीज होते, पण भाजक शून्य असला की भागाकार अडतो; ज्या रचनेतील क्रिया अशा काही ठिकाणी अव्याख्यात राहू शकतात ती आंशिक बैजिक रचना होय, आणि संगणकाचे बहुतेक प्रोग्राम याच जातीचे असतात. मुखेडच्या बाजारात सोयाबीनचा सरासरी भाव काढणारा प्रोग्राम एकूण रकमेला एकूण क्विंटलांनी भागेल. आवकच नसलेल्या दिवशी त्याने भाव ‘0 रुपये’ दाखवणे गप्प राहण्याहून वाईट, कारण तो खोटा आकडा पुढे आठवड्याच्या सरासरीत निमूटपणे मिसळतो.

या अडचणीचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात ज्यांच्या घराण्याची माहिती कोरलेली आहे, त्या भास्कराचार्यांनी 1150च्या सुमारास शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ असे नाव देऊन, तीत काही मिळवले वा वजा केले तरी ती बदलत नाही, असे सांगितले. संगणकातील अपूर्णांकी संख्यांसाठी 1985 साली ठरलेल्या आयईईई 754 या मानकानेही एक भागिले शून्य याला ‘अनंत’ मानले. शून्य भागिले शून्य मात्र ‘संख्या नव्हे’ या वेगळ्या खुणेने दाखवले. भास्कराचार्यांनी शून्याने गुणून पुन्हा शून्यानेच भागल्यास मूळ राशी परत मिळते असे मानले होते, आणि नेमके हेच आजच्या गणिताला मान्य नाही.

आंशिक रचनेचा मार्ग निराळा आहे. ती उत्तराला नवे नाव देत नाही, तर क्रिया कोठे चालते ती अट क्रियेसोबतच नोंदवते, आणि त्यामुळे समानतेचाही अर्थ नव्याने ठरवावा लागतो. दोन्ही बाजूंना उत्तर असून ते एकच असणे ही एक समानता. दोन्ही बाजू एकाच वेळी अव्याख्यात असल्या तरी त्यांना समान मानणे ही दुसरी. ‘क्ष भागिले क्ष बरोबर एक’ हे विधान क्ष शून्य असताना या दोन्ही अर्थांनी खोटे ठरते, म्हणून प्रोग्राम वेगवान करण्यासाठी त्या भागाकाराच्या जागी डोळे झाकून एक लिहिणे म्हणजे प्रोग्रामच बदलणे होय.

अशा अटींकडे दुर्लक्ष करणे किती महाग पडते हे 4 जून 1996 रोजी एरियन 5 या युरोपीय अग्निबाणाच्या पहिल्या उड्डाणात दिसले. आडव्या वेगाशी निगडित 64 बिटांची एक संख्या 16 बिटांत बसवताना ती 32767 या मर्यादेपलीकडे गेली, दिशादर्शक यंत्रणा बंद पडली आणि अग्निबाण सुमारे 40 सेकंदांत नष्ट झाला. तो प्रोग्राम एरियन 4साठी लिहिलेला होता, आणि त्या अग्निबाणाच्या मार्गावर ही संख्या मर्यादेत राहते, हे गृहीतक तेथे खरे होते.