समुद्रसपाटीवरून थेट हिमालयात: ऐकीव काय, खरं काय

मे महिना किंवा नाताळची सुट्टी जवळ आली की रत्नागिरीत मांडवीच्या काळ्या वाळूत संध्याकाळी रंगणाऱ्या गप्पांत हिमालय हमखास येतो. कुणी उत्तराखंडातल्या केदारकंठा ट्रेकचे पैसे भरलेले असतात, कुणाच्या मनात हिमाचलातला सारपास असतो, कुणाला लेहचं विमान स्वस्तात मिळालेलं असतं. बूट कुठले घ्यावेत, जॅकेट भाड्याने मिळतं का, रत्नागिरीहून मंगला एक्सप्रेसने निझामुद्दीनला उतरल्यावर पुढची बस कुठून पकडायची, याची माहिती एकमेकांना मनापासून दिली जाते. उंचीवर शरीराचं काय होतं हा विषय निघाला की मात्र सगळं ऐकीव. त्यातल्या काही गोष्टी निरुपद्रवी आहेत, काही जिवावर बेतणाऱ्या आहेत. म्हणून हा खटाटोप.

सुरुवात सगळ्यात जुन्या समजुतीपासून करू: ‘वर हवेत ऑक्सिजन कमी असतो.’ हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण मांडवीच्या जेटीवर जवळपास २१ टक्के आहे आणि केदारकंठाच्या माथ्यावरही तेवढंच आहे. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो सरासरी १,०१३ हेक्टोपास्कल असतो. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने कोकण झोडपलं, तेव्हा वादळाच्या केंद्रातला दाब ९८४ पर्यंत उतरला होता. म्हणजे झाडं आणि छपरं उडवणाऱ्या त्या वादळातही दाब तीसेक हेक्टोपास्कलनेच घटला. केदारकंठाच्या माथ्यावर, ३,८०० मीटरवर, तो ६४० च्या आसपास असतो. तिथल्या प्रत्येक श्वासात आपल्या सवयीच्या ऑक्सिजनपैकी दोन तृतीयांशाहूनही कमी मिळतो. साडेपाच हजार मीटरवर तर निम्माच. दाब कमी म्हणून पाणीही लवकर उकळतं. साडेतीन हजार मीटरवर ते ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकर नसेल तर भात कितीही वेळ ठेवला तरी कच्चट राहतो.

शरीर या नव्या दाबाशी जुळवून घेतं, पण टप्प्याटप्प्याने. पहिल्या काही तासांत श्वास वाढतो. जास्त श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि रक्त अल्कधर्मी होऊ लागतं. मूत्रपिंडं मग बायकार्बोनेट बाहेर टाकून तो तोल सावरतात, आणि या कामाला दोन-चार दिवस लागतात. वर गेल्यावर लघवीला वारंवार जावं लागतं त्याचं एक कारण हेच. ते चांगलं लक्षण आहे. लाल पेशी वाढायला तर आठवडे लागतात. आठवड्याभराच्या ट्रेकमध्ये त्यांच्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. हाताशी असतात ते पहिले दोन-चार दिवस, आणि आपल्या बेतात नेमकी त्यांनाच कात्री लागते.

‘मी फिट आहे, मला काही होणार नाही’ हा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो धडधाकट पोरांच्या डोक्यात बसलेला असतो. रोज भाट्याच्या किनाऱ्यावर धावणारा, रत्नदुर्गाचा चढ न थांबता चढणारा, पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड करून आलेला मुलगा हिमालयात पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पुढे असतो. विरळ हवेचा त्रास कुणाला होईल हे मांड्यांच्या ताकदीवरून ठरत नाही. शरीराची ठेवण, चढण्याचा वेग आणि आदल्या रात्रीच्या मुक्कामाची उंची यांवर ते ठरतं. दमदार माणूस लवकर वर पोचतो, म्हणून उलट तोच आधी अडचणीत येऊ शकतो. याचा सर्वांत भक्कम पुरावा आपल्याच सैन्याकडून आला. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात सपाटीवरचे जवान घाईघाईने हिमालयातल्या ठाण्यांवर पाठवावे लागले. डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांच्या आजाराचा अभ्यास १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडला. जगभरचे डॉक्टर आजही त्याचा दाखला देतात. ते सगळे कसलेले, तरुण गडी होते.

सह्याद्रीतला सराव फुकट जात नाही. गुडघे, घोटे, पाठीवरच्या सॅकची सवय, दिवसभर चालण्याचा धीर हे सगळं तिथेच कमावता येतं. पण महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे, आणि उंचीचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या पुढे सुरू होतो. आपल्या अख्ख्या राज्यात तेवढी उंचीच नाही.

आता ‘ट्रेक छोटा आहे, सोपा आहे’ हा समज. केदारकंठाचंच वेळापत्रक घ्या. सांक्री गाव १,९५० मीटरच्या आसपास. पहिला मुक्काम जुडा का तालाब, सुमारे २,७७५ मीटर. दुसरा मुक्काम केदारकंठा बेस, सुमारे ३,४३० मीटर. त्याच रात्री दोन-तीन वाजता उठून थंडीत माथा. चार दिवसांपूर्वी जो समुद्राच्या पातळीवर झोपला होता, तो आता साडेतीन हजार मीटरच्या तंबूत असतो. गिर्यारोहण-वैद्यकाचा मान्य नियम असा: तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. जुडा का तालाबहून बेसवर जाताना ही मर्यादा ओलांडली जाते. बहुतेकांचं निभावतं हे खरं, कारण तिथे एकच रात्र काढून लगेच खाली यायचं असतं. तरीही सांक्रीत किंवा पहिल्या मुक्कामाच्या उंचीवर एक जादा रात्र मिळाली, तर माथ्याची पहाट बरीच सुखाची होते. त्या रात्रीचा खर्च एका चांगल्या जॅकेटपेक्षा कमीच भरेल.

लेहच्या बाबतीत हिशेब आणखी कडक आहे. मुंबईत विमानात बसलेला माणूस काही तासांत ३,५०० मीटरवर उतरतो. पहिले ४८ तास विश्रांती घ्या असं तिथे सांगतात ते उगाच नाही. त्या दोन दिवसांत खारदुंगला खिंडीचा किंवा पँगाँग सरोवराचा बेत आखू नये. ‘विमानाने त्रास होतो, रस्त्याने गेलं की आपोआप सवय होते’ हेही अर्धंच खरं. श्रीनगर–कारगिल–लेह हा रस्ता खरोखर हळूहळू चढतो. कारगिल २,७०० मीटरच्या आतच आहे. मनालीच्या रस्त्यावर मात्र बरेच जण पहिलीच रात्र सरचूला, सुमारे ४,२९० मीटरवर काढतात. ही उंची लेहपेक्षाही जास्त. डोकं धरून रात्रभर जागलेली माणसं तिथे नेहमी दिसतात.

उपायांचेही असेच समज आहेत. कापूर रुमालात बांधून हुंगला की ऑक्सिजन वाढतो, ही समजूत घराघरांत आहे. कापराने नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या नसा चेतवल्या जातात, म्हणून नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. रक्तातला ऑक्सिजन जराही वाढत नाही. आणि कापूर पोटात गेला तर लहान मुलांना फिट येऊ शकते, तेव्हा ती पुडी मुलांच्या हाती देऊ नका. ऑक्सिजनच्या छोट्या डब्याही काही मिनिटांत संपतात. खूप पाणी प्यायलं की त्रास होत नाही, हेही खरं नाही. कोरड्या हवेत तहान भागेल आणि लघवी फिक्या रंगाची राहील इतकं पाणी प्यावं. जबरदस्तीने लिटरवर लिटर ढोसल्याने रक्तातलं सोडियम घटतं, आणि त्याची डोकेदुखी-मळमळ उंचीच्या त्रासासारखीच दिसते. रमने ऊब येते हा तर भ्रम. कातडीकडचं रक्त वाढल्याने गरम वाटतं, पण त्याच वाटेने शरीराची उष्णता बाहेर जाते, आणि झोपेतला श्वास आणखी मंदावतो. झोपेच्या गोळ्याही त्याच कारणाने टाळाव्यात.

उंचीच्या त्रासासाठी घेतल्या जाणाऱ्या डायमॉक्स या गोळीबद्दल दोन उलट टोकांच्या समजुती आहेत. एक म्हणते, ही गोळी लक्षणं झाकून टाकते. तसं होत नाही. मूत्रपिंडांचं वर सांगितलेलं काम ती लवकर करून घेते, म्हणजे शरीर खरोखरच लवकर सरावतं. दुसरी म्हणते, गोळी घेतली की कितीही वेगाने चढा. हीही चूक. ही गोळी साधारण चढाईच्या आदल्या दिवसापासून सुरू करतात. बोटांना मुंग्या येतात, सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांना अडचण होऊ शकते. म्हणून निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून मगच घ्यावी, मित्राच्या सॅकमधून नव्हे. हृदयाचे, फुप्फुसांचे विकार किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी, आणि आधी कधी उंचीवर फुप्फुसात पाणी झालेल्यांनी तर बेत आखण्याआधीच विचारावं.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचाही धसका घेतला जातो. साडेतीन हजार मीटरवर निरोगी माणसाचा आकडाही ८५ ते ९० दरम्यान दिसू शकतो. बोट गार असेल, नखाला रंग असेल तर तो आणखी चुकतो. आकड्यापेक्षा माणसाकडे पाहावं. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, चक्कर, कमालीचा थकवा ही उंचीच्या त्रासाची सुरुवात. वर पोचल्यावर सहा-बारा तासांत ती दिसू लागते. अशा वेळी आणखी वर जायचं नाही. तिथेच थांबायचं, आणि त्रास वाढला तर खाली यायचं. धोक्याच्या खुणा वेगळ्या आहेत. बसल्या जागी धाप लागणं, खोकला थांबेनासा होणं, ओठ निळसर पडणं म्हणजे फुप्फुसात पाणी साठत असल्याची शक्यता. हे बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्री होतं. टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालता न येणं, असंबद्ध बोलणं म्हणजे मेंदूला सूज येत असल्याची शक्यता. ‘झोपू दे त्याला, सकाळपर्यंत बरं वाटेल’ या वाक्याने इथे माणूस जातो. रात्र असली तरी, सोबतीला माणसं घेऊन, त्याला खाली उतरवायचं. निदान तीनशे मीटर, जमलं तर हजार. ऑक्सिजन असेल तर वाटेत द्यावा, पण ऑक्सिजन आहे म्हणून वरच थांबू नये.

हवामानाबद्दल थोडक्यात. ‘मे-जूनमध्ये काही होत नाही’ असं समजू नये. जून २०२४ मध्ये उत्तराखंडात सहस्त्रतालच्या वाटेवर खराब हवामानात सापडून कर्नाटकातून गेलेल्या गटातले ९ जण दगावले. भिजलेले सुती कपडे अंगावर ठेवू नका, आणि गाइड परत फिरू म्हणाला तर वाद घालू नका.

पैसे भरण्यापूर्वी एका कागदावर प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाची उंची ओळीने लिहा. आयोजकाला विचारा: जादा दिवस ठेवला आहे का, गटासोबत ऑक्सिजन आणि प्राथमिक उपचार जाणणारा माणूस असतो का, कुणी आजारी पडलं तर त्याला खाली कोण आणि कसं नेतं? या प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली नाहीत, तर ते बुकिंग करू नका. दुसरा आयोजक शोधा, आणि रजेच्या अर्जात एक दिवस वाढवून मागा.